पाण्यावरचा जोड

आमच्या ऑफिसात शांत असणं म्हणजे एक आकडा असतो. शून्य ते पाच. माणूस ओरडत असेल, दारं वाजवत असेल, अंगावरचे कपडे ओढत असेल तर शून्य. हात मांडीवर, पाय जमिनीवर, नजर समोर आणि तोंड बंद असेल तर पाच. दर पाच मिनिटांनी सिस्टरने तक्त्यात आकडा लिहायचा, की झालं. हा तक्ता मीच तयार केला होता, त्यामुळे त्याला नावं ठेवायची तर सुरुवात माझ्यापासूनच करावी लागेल.

आम्ही स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसाठी व्हीआर बनवतो. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि माणसाला त्याच्या ओळखीच्या जागी नेऊन बसवायचं. त्यासाठी घरच्यांकडून एक लांबलचक फॉर्म भरून घ्यायचा: काम काय करायचे, कुठे बसायचे, खिडकीतून काय दिसायचं. मग त्या जागी जाऊन चहूबाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा लावायचा. फॉर्म भरताना घरचे लोक थापा मारतात, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. 'आई सतत हसतमुख असायची.' असायची बापडी! सहा जणांचं रांधून वाढणारी बाई सतत हसतमुख असेल, तर तिला तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. बाबांचा फॉर्म मात्र मी स्वतः भरला आणि त्यात एकही थाप मारली नाही.

माझे बाबा सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर एकतीस वर्षं लाइफगार्ड होते. उंच पांढऱ्या खुर्चीवर बसायचं आणि डोळ्यांत तेल घालून पाण्याकडे बघायचं, एवढंच काम. एवढंच असं मी म्हणते, ते कधीच म्हणाले नाहीत. एकतीस वर्षांत त्यांच्या पाळीत एकही जीव गेला नाही. निवृत्त झाल्यावर सातआठ वर्षं बरी गेली. मग आई गेली आणि पाठोपाठ त्यांची एकेक गोष्ट जायला लागली. आधी रस्ते, मग नावं, मग मी.

अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवल्यावर पहिले तीन महिने त्यांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. दिवसभर लांबलचक व्हरांड्यात येरझाऱ्या, दिसेल ते दार ठोठावणं. एकदा तर मोठ्या सिस्टरांचा चष्माच उडवला. या मोठ्या सिस्टर म्हणजे त्या मजल्याच्या प्रमुख. बोलायला फटकळ, पण हात मऊ. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही आमच्यातल्याच, म्हणून आधी कानावर घालते. हे असंच चाललं तर वरचे लोक म्हणतील, दुसरीकडे बघा." दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मला माहीत होतं. तिथे दारांना बाहेरून कड्या आहेत. मी त्याच आठवड्यात कॅमेरा घेऊन तलावावर गेले.

ती पांढरी खुर्ची अजून तिथेच होती. कॅमेरा मी तिच्यावर बाबांच्या डोळ्यांच्या उंचीला बांधला. सकाळची मुलांची तुकडी होती. दहा मुलं उथळ बाजूला कठड्याची नळी धरून पाय मारत होती. एक मुलगी उशिरा आली. नारिंगी टोपी, काटकुळे पाय, आणि उशीर झाल्याची जराही लाज नाही. ती काठाकाठाने खोल बाजूला गेली, नाक धरलं आणि उडी मारली. सगळ्या मुलांच्या पालकांनी सह्या दिल्या होत्या. मला हवं ते सगळं मिळालं होतं: ऊन, पाणी, मुलं, आणि बघायला काहीतरी हालचाल.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. वीस मिनिटांचं दृश्य आम्ही वीस मिनिटं दाखवत नाही. चार मिनिटांचा चांगला तुकडा निवडतो आणि त्याचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जोडतो, म्हणजे तो फिरत राहतो. जोड दिसता कामा नये. पाण्यावर तो लपवणं महाकठीण, कारण पाणी कधी पहिल्यासारखं होत नाही. पण ती दहा मुलं एका तालात पाय मारत होती, ती जुळत होती. नारिंगी टोपीने उडी मारली, पाणी उडालं, बसलं, त्यावर उन्हाची तिरीप आली आणि क्षणभर सगळं काचेसारखं सपाट झालं. मी जोड तिथे मारला. पुढचं मला नकोच होतं, कारण पुढे ती मुलगी थेट कॅमेऱ्याच्या खाली वर आली होती आणि तिच्यामुळे भिंगावर पाणी उडून अर्धं चित्र पुसट झालं होतं.

ऑफिसात सगळ्यांनी तो जोड शोधून पाहिला. कोणालाही सापडला नाही. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पहिल्या दिवशी बाबांना हेडसेट लावला, तेव्हा ते एकदम ताठ बसले. चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मला रडू आलं. मग चार मिनिटांनी ते ओरडून उठायला लागले. "सोड! सोड मला!" मला वाटलं, डोक्यावरचं ओझं नकोसं झालं. नवीन माणसाचं असं होतं, पहिले दोनतीन दिवस धीर धरावा लागतो, हे मी शंभर घरच्यांना सांगितलेलं आहे. मोठ्या सिस्टरांनी एक खांदा धरला, मी दुसरा. "बसा बाबा, काही नाही झालं. बसा." त्यांच्या अंगात अजून खूप जोर होता. मी सगळा भार टाकून त्यांना खाली दाबलं. तक्त्यात लिहिलं: 'सुरुवातीला किंचित अस्वस्थता.'

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ते अर्धे उठले आणि आपणहून बसले. चौथ्या दिवशी हललेच नाहीत. हात मांडीवर, पाय जमिनीवर, नजर समोर. पाच, पाच, पाच, पाच.

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे आकडेशास्त्री म्हणतो. ते बाबांचा तक्ता हातात घेऊन ऑफिसभर फिरले. "शून्यावरून पाच! चार दिवसांत! हा तक्ता आपण सगळ्या संस्थांना दाखवू." सत्रं दिवसातून एकाऐवजी दोन झाली. व्हरांड्यातल्या येरझाऱ्या थांबल्या. दारं वाजेनाशी झाली. दुसरीकडे बघण्याचा विषय कोणी पुन्हा काढला नाही. मी घरी गेले आणि कितीतरी महिन्यांनी आडवी पडल्यापडल्या झोपले.

पाचव्या आठवड्यात मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "वजन चार किलो उतरलंय."

"जेवत नाहीत?"

"जेवायला उठतच नाहीत. हेडसेट काढला तरी त्याच खुर्चीत. बाथरूमलाही उठत नाहीत, तिथेच होतं. कपडे बदलायला उचलून न्यावं लागतं, आणि नेतानाही मान मागे वळवून बघत राहतात." मग त्या म्हणाल्या, "मी इतकी माणसं शांत झालेली पाहिलीयेत. हे मला तसं वाटत नाही. पण तुमच्या कागदावर त्याला रकाना नाही."

मी बाबांपाशी जाऊन बसले. हेडसेट नव्हता, समोर नुसता हॉल होता: चारपाच म्हातारी माणसं, एक बंद टीव्ही, पुसलेली फरशी. बाबांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. मी कान अगदी तोंडाशी नेला.

"...सात, आठ, नऊ, दहा." थांबले. श्वास रोखला. मी मनात मोजायला लागले आणि मला घाबरं व्हायला लागलं, तरी त्यांनी श्वास सोडला नव्हता. मग तो एकदम सुटला आणि पुन्हा सुरू झालं. "एक, दोन, तीन..."

"बाबा, काय मोजताय?"

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "एक कमी आहे."

मी हेडसेट घेतला, शेजारच्या रिकाम्या खोलीत गेले, दार लावलं आणि बसले. ते चार मिनिटांचं दृश्य मी तोवर दोनशे वेळा तरी पाहिलं असेल. प्रत्येक वेळी मी जोड बघत होते. पाणी दचकतंय का, ऊन उडी मारतंय का, एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा मी मुलं पाहिली.

दहा मुलं. मग नारिंगी टोपी, अकरा. नाक धरलं, उडी. पाणी उडालं, बसलं, चकाकलं. दहा. मी थांबले. दहाच. मुलं पाय मारतायत, कोणी हसतंय, कोणाला काही कळलेलं नाही. आणि मग काठावरून पुन्हा एक नारिंगी टोपी येते, तिला उशीर झालाय, ती खोल बाजूला जाते. मी तोंडावर हात दाबून पाचही वेळा पाहिलं. दर चार मिनिटांनी एक मूल पाण्यात जात होतं आणि वर येत नव्हतं. वीस मिनिटांत पाच. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा. पस्तीस दिवस. तीनशेहून जास्त मुली मी माझ्या बापाच्या डोळ्यांदेखत बुडवल्या होत्या. त्या माणसाने एकतीस वर्षांत एकही जाऊ दिली नव्हती, आणि तो वाचवायला उठला तेव्हा मी त्याचे खांदे दाबून धरले होते.

ते चौथ्या दिवशी शांत झाले नव्हते. कोणीच उठू देणार नाही हे त्यांना कळलं होतं, इतकंच.

आकडेशास्त्रींना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट माणूस नाही तो. "अरेरे," म्हणाले. "तो तुकडा बदलून टाक. मुलगीच काढून टाक ना."

"आणि तक्ता?"

"तक्त्याचं काय? पाच ते पाचच आहेत."

"ते पाच भीतीचे आहेत."

"भीतीचे कसे? हाताची थरथर नाही, ओरडणं नाही. तूच ठरवलंस ना पाच कशाला म्हणायचं?"

मी ठरवलं होतं. मी जागेवर जाऊन बाबांच्या तक्त्यावर आडवं लिहिलं, 'हे शांत नव्हते, चूक माझी आहे', आणि तो कागद तसाच सगळ्या संस्थांना पाठवून दिला. तेव्हापासून साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतात. बोलू देत.

पण त्याने बाबांचं काय होणार होतं? मी मूळ चित्रण उघडलं. जोडाच्या पुढचं, कापून टाकलेलं. सात सेकंद. सातच सेकंदांनी ती मुलगी वर येते, नाक पुसते, फुर्रकन पाणी उडवते आणि शिडी धरते. मी ते सात सेकंद परत जोडले, पुसट तर पुसट, आणि हेडसेट घेऊन धावत गेले. बाबांनी तो माझ्या हातात पाहिला आणि दोन्ही हात डोक्यावर गच्च धरले. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण त्या डबड्यात काय होतं ते त्यांच्या हातांना ठाऊक होतं. मी तो पिशवीत टाकला. डॉक्टर म्हणाले, घडलेलं पुसलं जातं, धास्ती राहते. किती दिवस? सांगता येत नाही.

हेडसेट कायमचा बंद झाला आणि तरी आठवडाभर बाबा त्याच खुर्चीत. दहा. श्वास रोखायचा. पुन्हा एक, दोन, तीन. हातापायांच्या काटक्या झाल्या. मी रोज समजावत होते. "बाबा, मुलगी वर आली. मी पाहिली. घरी गेली ती." ते मान हलवायचे, ऐकलं अशी नाही, तर बाजूला हो, मध्ये येतेस अशी.

शेवटी मी तलावावरच्या मावशीला गाठलं. कपडे बदलायच्या खोल्यांवर तिने बाबांच्या बरोबरीने नोकरी केली होती. आता गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. सगळं ऐकून ती माझ्यावर डाफरली. "अगं, तू त्यांना उठा उठा काय करतेस? असे कसे उठतील? पाळी घेतली का कोणी त्यांची?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! येणाऱ्याने खुर्चीपाशी उभं राहून मोठ्याने डोकी मोजायची. मग जाणाऱ्याने मोजायची. दोघांचा आकडा जुळला की शिट्टी हातात द्यायची आणि मगच खाली उतरायचं. तुझ्या बापाने काढलेला नियम तो. एकदा जुळेना, तर हा बाबा दोन तास खाली उतरला नाही. तलावाचे साहेब बोंबलत होते खालून. घरच्याने सांगितलं म्हणून तो उठणार होय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी हॉलमध्ये गेले. बाबांच्या समोर नाही, खुर्चीच्या बाजूला उभी राहिले, त्यांच्यासारखंच फरशीकडे तोंड करून. मोठ्या सिस्टर दारात थांबल्या होत्या.

"पाळी घ्यायला आलेय," मी म्हटलं.

बाबांची मान किंचित वळली. माझ्या बाजूला, आठवड्यात पहिल्यांदा.

मी बोट दाखवत मोठ्याने मोजायला लागले. कठड्यावरची दहा. मग बोट पुढे नेलं. "अकरा."

"दहा," बाबा म्हणाले.

"अकरा. ती बघा, तुमच्या खुर्चीच्या अगदी खाली. उन्हाच्या तिरिपीमुळे दिसत नव्हती. नारिंगी टोपी. नाक पुसतेय."

त्यांनी खाली वाकून पाहिलं. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. बाबा फरशीच्या त्या एका तुकड्याकडे बघत राहिले. मी सिस्टरांकडे बघायची हिंमत केली नाही.

"शिडी धरली तिने," मी म्हटलं. हे खरं होतं. एवढंच काय ते खरं माझ्याजवळ होतं.

"उशिरा येतात," बाबा म्हणाले, "आणि सरळ उडी मारतात." मग त्यांनी मोजलं. मोठ्याने, एकेका डोक्यावर बोट ठेवून. "नऊ. दहा." बोट खाली आलं. "अकरा."

त्यांनी श्वास सोडला. तो किती वेळ चालला कोण जाणे. खांदे उतरले, मांडीवरचे हात सैल पडले आणि एकाएकी ते खूप म्हातारे दिसायला लागले. त्यांनी उजवी मूठ माझ्यापुढे धरली. मी तळवा पुढे केला. पण मूठ उघडली नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट, पायापासून डोक्यापर्यंत, नवीन माणसाला पारखतात तसं.

"पोहता येतं ना तुला?"

मी तळवा तसाच पुढे धरून ठेवला.

"विचारलेलं बरं," ते म्हणाले. "माझ्या मुलीला नाही येत. पाळीवर असताना आपलं मूल पाण्यात घेत नाही मी, नजर तिथेच अडकते. आणि पाळी संपली की अंगात त्राण नसायचं. उद्या शिकवू, उद्या शिकवू. राहूनच गेलं." मूठ अजून माझ्या तळव्यावर होती. "तुला येतं ना?"

"येतं," मी म्हटलं.

मूठ उघडली. तिच्यात काहीच नव्हतं. मी ते घट्ट धरलं.

बाबा खुर्चीचे हात धरून उठले. पाय लटपटले, पण उठले. मी चटकन त्यांच्या जागी बसले, कारण खुर्ची क्षणभरही मोकळी ठेवायची नसते हे मला न सांगता कळलं. मोठ्या सिस्टर पुढे आल्या. त्यांच्या हाताला धरून बाबा बाथरूमला गेले. बाहेर आल्यावर दोन ग्लास पाणी प्यायले, घटाघट. मग खोलीकडे निघाले. व्हरांड्याच्या दाराला काच आहे, तिच्यापाशी ते थांबले आणि मागे वळून माझ्याकडे बघायला लागले.

मला उठून त्यांच्याकडे धावत जायचं होतं. त्यांना सांगायचं होतं की मीच ती, आणि मला अजूनही पोहता येत नाही, कंबरेएवढ्या पाण्यातही माझा जीव घाबरतो. पण मी खुर्ची सोडली असती, तर त्यांना काचेतून दिसलं असतं आणि ते परत आले असते.

"चला, झालं," सिस्टर त्यांना म्हणाल्या. ते हलले नाहीत. ते वाट बघत होते.

मग मी तोंड फिरवलं, पुसलेल्या फरशीकडे पाहिलं आणि मोजायला लागले.